हिवाळी पावसाचे व वादळवाऱ्याचे इशारे : खाडीकांठच्या शेतकऱ्यानें ते कसे वाचावे

भाताची कापणी उरकत आली आहे, कडपें शेतांत वाळत पडलीं आहेत, कांहीं भारे खळ्यावर येऊन लागले आहेत आणि खाचरांतील ओल उडून जाण्यापूर्वीं वाल पेरण्याची घाई चालली आहे, अशा दिवसांत आकाशाकडे पाहण्याची संवय शेतकऱ्याला फारशी उरत नाहीं. आगोटीला जो दररोज ढग न्याहाळतो, तोच कार्तिक-मार्गशीर्षांत निर्धास्त असतो. बहुतेक वर्षीं ही निर्धास्ती खरीहि ठरते. परंतु ज्या वर्षीं ती खरी ठरत नाहीं, त्या वर्षीं चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत भिजून जाते.

कोपर, आयरे, भोपर, दिवा आणि खाडीपलीकडील भिवंडी तालुक्यांतील गांवें यांना या पावसाचें भय दुहेरी आहे. वरून पडणारें पाणी गोडें, पण बांधापलीकडे उभें असलेलें पाणी खारें. या भागांत आतां वस्ती दाट झाली असून भातखाचरें पुष्कळ कमी झालीं आहेत. तथापि जीं उरलीं आहेत त्यांचा धोका कमी न होतां वाढलाच आहे, कारण पूर्वीं ज्या सखल जागेंत पावसाचें पाणी पसरत असे, तेथें आतां भराव पडले आहेत. म्हणून या लेखांत हिवाळी पावसाविषयींचे इशारे कसे वाचावे व त्यांवरून शेतावरचें काम कसें ठरवावें, याचा विचार आम्ही करणार आहों.

हिवाळ्यांत वादळ येतें कोठून

अरबी समुद्रांत वादळें उठण्याचे हंगाम दोन. एक पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, व दुसरा पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. या दुसऱ्या हंगामांतील पुष्कळशीं वादळें पश्चिमेकडे अरबस्तानच्या बाजूस निघून जातात. पण कांहीं उत्तरेकडे वळतात आणि कोंकण-गुजराथच्या किनाऱ्यास झोंबतात. नोव्हेंबर १९४८ मध्यें अशाच एका वादळानें मुंबईस मोठा तडाखा दिला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं दुपारीं ‘फयान’ हें चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलें. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यांत ‘ओखी’ हें वादळ कन्याकुमारीकडून लक्षद्वीपावरून उत्तरेस सरकत आपल्या किनाऱ्यासमोरून गेलें. ५ डिसेंबर रोजीं मुंबई, ठाणें, पालघर, रायगड व सिंधुदुर्ग या भागांतील शाळा त्या भयानें बंद ठेवण्यांत आल्या होत्या.

वादळ नसतांहि हिवाळी पाऊस येऊं शकतो. १ व २ डिसेंबर २०२१ रोजीं मुंबई-ठाणें भागांत पडलेल्या पावसाला कोणत्याहि चक्रीवादळाचें नांव नव्हतें. म्हणून ‘वादळाची बातमी नाहीं, तेव्हां पाऊस नाहीं’ असा हिशेब कोणीं करूं नये.

ओखीपासून दुसरीहि गोष्ट शिकण्यासारखी आहे. लक्षद्वीपाजवळ तें अतितीव्र होतें, पण दक्षिण गुजराथच्या किनाऱ्याशीं पोंचेपर्यंत त्याचा जोर पुष्कळच ओसरला. वारा ओसरला, परंतु पाऊस मात्र पडलाच. ‘वादळ विरलें’ ही बातमी वाऱ्याची असते. ती ऐकून भाताचे भारे उघडे टाकणें धोक्याचें आहे.

इशाऱ्याची भाषा

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालापासून आहे व हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. आरंभीं वादळाच्या सूचना मुख्यतः बंदरांसाठीं असत. शेतकऱ्यांकरितां हवामानाची वार्ता रेडिओवरून देण्यास १९४५ सालीं सुरुवात झाली. आज तीच वार्ता जिल्हावार, रंगांच्या खुणेनें, रोज मिळते. हिरवा रंग म्हणजे भय नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. तांबडा म्हणजे आतां विचार नको, कृति करा. रंग हा केवळ पावसाच्या मापाचा नसतो. तो पाऊस येण्याचा संभव व त्यापासून होणारें नुकसान या दोहोंचा मिळून असतो.

पावसाच्या शब्दांनाहि ठराविक माप आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ पर्यंत ‘अति जोरदार’, व त्यापुढें ‘अत्यंत जोरदार’. हे आंकडे कानांवरून जातात, पण शेतावर त्यांचा अर्थ काय, हें एकदां हिशेबानें पाहावें. ६४.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारें साडेसहा हजार लिटर पाणी. एकरावर दोन लाख साठ हजार लिटर. जोरदार पावसाची ही अगदीं खालची पायरी झाली. आपल्या खाचराला एवढें पाणी बाहेर काढून देणारी वाट आहे काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या बांधावर उभें राहून स्वतःस विचारावा.

वाऱ्याचेंहि तसेंच. ताशीं ३१ ते ४९ किलोमीटर वारा असला म्हणजे कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला असें समजतात. ५० ते ६१ मध्यें तो अतितीव्र होतो. ६२ पासून पुढें त्यास चक्रीवादळ म्हणतात. येथें ध्यानांत ठेवावें कीं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. ताशीं ४० किलोमीटरच्या वाऱ्यांत जी उडवी टिकली, ती ८० च्या वाऱ्यांतहि टिकेल असें मुळींच नाहीं.

आणखी दोन बारकावे. पहिला वेळेचा : हवामानखात्याचा दिवस मध्यरात्रीं बदलत नाहीं, सकाळीं साडेआठ ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ असा तो धरतात. ‘पांच तारखेचा इशारा’ म्हणजे सहा तारखेच्या सकाळपर्यंतचा इशारा होय; रात्रीं पाऊस आला नाहीं म्हणून पहांटे झांकण काढणारा फसतो. दुसरा जागेचा : इशारा जिल्ह्याचा असतो, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर वेगळा झाल्यावरहि ठाणें जिल्हा शहापूर-मुरबाडच्या डोंगरांपासून भाइंदरच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. पाऊस किती विषम पडतो याचें ढळढळीत उदाहरण २६ जुलै २००५ चें. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली, तर त्याच मुंबईंत कुलाब्याला सुमारें ७३ मिलिमीटर. तेव्हां जिल्ह्याचा इशारा हा आपल्या शेताचा निवाडा नव्हे. तो विचारास लागण्याची घंटा होय. निवाडा आपणच करावयाचा, आणि खाडीकांठीं तो करण्यास इशाऱ्यांत नसलेली एक गोष्ट लागते. ती म्हणजे भरती.

पाऊस एक, भरत्या दोन

खारबंदिस्तींतील शेताचें पाणी उघाडीवाटे खाडींत जातें. बाहेरचें पाणी आंतल्यापेक्षां खालीं असलें तरच उघाडीचें दार उघडें राहतें. भरती चढली कीं बाहेरच्या दाबानें तें मिटतें, व तितका वेळ वरून पडलेला सर्व पाऊस आंतच कोंडतो. म्हणून तोच पाऊस ओहोटींत पडला तर निभावतो, आणि भरतींत पडला तर बुडवतो.

पण भरती सदासर्वदा सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें : भरती फार चढते व ओहोटीहि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो : भरती बेताची, पण ओहोटीहि बेताचीच. उधाणाचा किंवा भांगाचा कळस तिथीच्या दिवशींच न येतां एकदोन दिवस मागाहून येतो. यावरून दोन निरनिराळे धोके निघतात. उधाणांत भय बांधाचें. पाणी माथ्यावरून किंवा भेगेंतून आंत येतें, मात्र ओहोटी लागतांच निचराहि झपाट्यानें होतो. भांगांत बांध सुरक्षित असतो, पण खाडी कधींच पुरेशी खालीं जात नसल्यानें शेतांतलें पाणी रेंगाळतें व कडपें दोनदोन दिवस पाण्यांत राहतात.

वर सांगितलेलीं दोन वादळें या दृष्टीनें पाहावीं. फयान आलें तेव्हां कृष्णपक्षांतील नवमी-दशमीचा सुमार होता, म्हणजे ऐन भांग. ओखीच्या वेळीं मार्गशीर्ष पौर्णिमा ३ डिसेंबरला होऊन गेली होती व ५ तारखेस उधाण ऐन भरांत होतें. फयानचा वारा मोठा होता व त्याचें केंद्र आपल्या अगदीं जवळून गेलें. ओखी दूर समुद्रांत क्षीण होत गेलें. केवळ वाऱ्याचा आंकडा पाहणारा म्हणेल कीं, दुसऱ्यांत भय कमी. परंतु खाडीच्या बांधावर उभा असलेला शेतकरी दुसऱ्या दिवसालाहि तितकाच जपेल. हाच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे : इशारा व तिथि एकत्र वाचावीं. उधाणाचा इशारा असेल तर प्रथम बांध पाहावा. भांगाचा असेल तर प्रथम निचरा पाहावा.

भरतीची वेळ काढण्याची रीत आपल्या वडिलांस ठाऊक होती. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या भरतीचा तास निघतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा व अमावास्या पंधरा धरून सव्वाअकरा, दिवसा व रात्रीं तेंच. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासानें चुकूं शकतो, आणि भरती समुद्रांतून खाडीवाटे आंत चढत येते म्हणून कोपरकडे ती मुंबईनंतर येते. छापील वेळापत्रक मिळाल्यास तेंच पाहावें. नच मिळाल्यास या हिशेबावर काम अडत नाहीं.

उल्हास नदीचाहि विचार पाहिजे. राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूर व कल्याण यांवरून ती आपल्याकडे येते, आणि वरचा पाऊस आपल्याकडे कांहीं तासांनीं पोंचतो. बदलापूरच्या पुलाजवळ तिची इशारा पातळी १६.५० मीटर व धोका पातळी १७.५० मीटर धरतात. हिवाळ्यांत नदी पावसाळ्यासारखी फुगणें विरळा. त्या दिवसांत खरा घात होतो तो स्थानिक पाऊस व भरती यांच्या गांठीनें. तरी वरून पाणी सुटल्याची बातमी आली असतां ती भरतीच्या वेळेशीं ताडून पाहावी.

हिवाळ्यांतील खारें पाणी अधिक वाईट

जुलैंत बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरलें तर पिकाचें नुकसान होतें, हें खरें; परंतु मागाहून पडणारा पाऊस तें मीठ पुष्कळसें धुऊन नेतो. डिसेंबरांत शिरलेल्या पाण्याला धुणारें कोणी नसतें. पुढें सहा महिने ऊन तापतें, जमिनींतलें पाणी वर येऊन उडून जातें व मीठ पृष्ठभागावर पांढरें फुटतें. वाल तर जातातच, पण पुढल्या खरिपाच्या रोपांनाहि तें बाधतें. एका रात्रीचें पाणी दोन हंगाम खातें, तें असें.

आणि नेमक्या याच दिवसांत बांधाकडे दुर्लक्ष असतें. त्याची डागडुजी आपण वैशाखांत करतों. चार महिन्यांच्या पावसानें तो खचलेला असतो, उन्हानें चिकणमातीला भेगा पडूं लागतात, खेकड्यांचीं बिळें आरपार होतात. मासळीसाठीं उघाडीच्या दाराखालीं अडकवलेला दगड तसाच राहून जातो. म्हणून दिवाळी होतांच बांधाची एक फेरी व उघाडीची एक तपासणी ही गांवानें नेमाची ठेवावी. बांध सामाईक असतो. एकाच्या हद्दींतील भोंक सर्वांच्या शेतांत मीठ घालतें.

वारा कोणत्या बाजूचा

वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें असतां वादळाचें केंद्र साधारणतः आपल्या डाव्या हातास असतें. वारा पूर्वेचा असला तर केंद्र दक्षिणेस आहे. दक्षिणेचा असला तर पश्चिमेस, म्हणजे समुद्रांत. आणि पश्चिमेचा झाला तर तें उत्तरेकडे निघून गेलें. किनाऱ्यासमोरून उत्तरेस जाणाऱ्या वादळांत वारा याच क्रमानें फिरतो. यांतील फसवी अवस्था शेवटची. वादळ पुढें गेलें, पाऊसहि कमी झाला, म्हणून माणूस घरीं परततो. पण पश्चिमेचा वारा तेव्हांच खाडीचें पाणी आंत लोटत असतो. त्या वेळीं उधाणाची भरती चढत असेल तर बांधावरची राखण उठवूं नये.

कामांचा क्रम

इशारा मिळाल्यावर सर्वच कामें एकदम करूं गेल्यास एकहि नीट होत नाहीं. आमच्या मतें क्रम असा असावा.

पिवळा इशारा असतां स्वस्त कामें करावीं. नवी कापणी थांबवावी. उभें भात पावसांत कांहीं दिवस तग धरतें, कापलेलें धरीत नाहीं. ताडपत्री व दोर काढून पाहावे. उघाडीच्या तोंडाचा गाळ व केरकचरा काढावा. आपल्या भागांत रेल्वेचे भराव पाण्याच्या वाटेंत आडवे आहेत. त्यांखालील मोऱ्या मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहून तुंबलेली मोरी असल्यास ताबडतोब कळवावें. वालाची पेरणी व खत देणें पुढें ढकलावें.

नारिंगी इशारा झाला कीं मजुरी खर्च करावी. वाळलेलीं कडपें प्रथम उचलावीं, ओलीं मागाहून. उडवी उंचवट्यावर, खालीं लाकडें किंवा पेंढा घालून रचावी, कणसें आंत व बुंधे बाहेर ठेवावे, माथा उतरता करावा, आणि ताडपत्री केवळ दगडांनीं न दाबतां दोरानें खुंट्यांस बांधावी. ओले भारे उडवींत कधींहि घालूं नयेत. ते तापतात व चांगलें भातहि काळें करतात. जीं कडपें हलवणें अशक्य, तीं निदान बांधावर किंवा उंच राखलेल्या धसकटावर पसरावीं. ओहोटी साधून खाचरांतलें सांचलेलें पाणी सोडून द्यावें, म्हणजे पुढील पावसाला आंत जागा होते.

तांबडा इशारा असेल तर माल नव्हे, जीव सांभाळावा. गुरें सखल गोठ्यांतून सोडवून उंचावर न्यावीं. राखणीस दोघांनीं मिळून जावें, एकट्यानें नव्हे. भरतीच्या वेळीं खाडींत होडी घालूं नये. तुटलेल्या विजेच्या तारेस हात लावूं नये व गडगडाट असतां झाडाखालीं थांबूं नये.

पाऊस सरल्यावर पहिली ओहोटी फुकट दवडूं नये. शेतांत खारें पाणी शिरलें असेल तर तें मुरण्यापूर्वींच काढावें. भिजलेलें भात दोनचार दिवसांत कोंब धरतें. तें झोडून पातळ पसरावें, वारंवार खालीवर करावें, व दाण्यांतील ओलावा शेंकडा १४ वर आल्याखेरीज कणगींत भरूं नये. जमीन पांढरी फुटली तर तेथें वालाचें बीं वायां न घालवतां पुढील खरिपास पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें काढलेल्या क्षारसोशिक भाताच्या जातींचा विचार करावा. नुकसानी झाल्यास महसूल व कृषि खात्यांच्या गांवपातळीवरील अधिकाऱ्यांस विनाविलंब कळवून पंचनामा करवून घ्यावा. पीकविम्याच्या अटी वर्षावर्षाला बदलतात. त्या हंगामाच्या आरंभींच वाचून ठेवाव्या, नुकसानीनंतर नव्हे.

इशारा खोटा ठरला तर

‘मागल्या खेपेस सांगितलें आणि थेंब पडला नाहीं’ हा आक्षेप प्रत्येक गांवांत ऐकूं येतो. तो खोटा नाहीं. परंतु त्याचा निकाल रागानें न लावतां हिशेबानें लावावा. समजा, भारे हलवून झांकण्यास हजार रुपये खर्च येतो, आणि न झांकल्यास दहा हजारांचें भात बिघडतें. दहा इशाऱ्यांपैकीं एकच खरा ठरला तरी दहा वेळचा खर्च व एक वेळचें नुकसान बरोबर होतें. दोन खरे ठरले तर झांकणारा दहा हजारांनीं फायद्यांत राहतो. प्रत्येकानें आपले आंकडे घालून हा हिशेब एकदां कागदावर मांडावा. ज्याचें भात घरांत गेलें आहे त्यानें पिवळ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलें तर चालेल. ज्याचीं कडपें शेतांत आहेत त्यानें तसें करूं नये. इशारा एकच असला तरी त्याची किंमत दोघांना सारखी नाहीं.

सारांश, हिवाळ्यांत इशारा कानीं आला कीं चार प्रश्न विचारावे : पाऊस किती व केव्हांपासून केव्हांपर्यंत? तिथि कोणती व भरती किती वाजतां? वारा कोणत्या बाजूचा? आणि माझें काय उघड्यावर आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर हवामानखातें देईल. दुसऱ्याचें पंचांग देईल. तिसऱ्याचें आपल्या पाठीला लागणारा वारा देईल. चौथ्याचें उत्तर मात्र शेतकऱ्यानें स्वतः, दिवस मावळण्यापूर्वीं, शेतावर जाऊनच दिलें पाहिजे.